मामाची वाट

सावखेड्यात त्या साली कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या. अमळनेरला सरकी काढायच्या जिनात सावलीतलं काम मिळतं म्हटल्यावर निम्म्या बाया गाठोडी बांधून तिकडे गेल्या होत्या. उरलेल्यांच्या दारात शेतवाले उजाडायच्या आत जाऊन उभे राहायचे. कार्तिक सरत आला तरी आभाळ झाकोळलेलंच होतं. बोंडं फुटून लोंबत होती आणि एक सर आली असती तरी सगळा कापूस चिखलात गेला असता.

भाईदास पाटलाच्या वावरात मात्र बाया न बोलावता येत होत्या. त्यात भाईदासची काही करामत नव्हती. तो मजुरांशी धड दोन शब्द बोलायचा नाही. त्याची बायको तानुबाई वेचता वेचता गोष्टी सांगायची, आणि त्या गोष्टींसाठी बाया यायच्या. सात राण्यांची, बोलक्या राघूची, सुपात निजणाऱ्या बुटक्या भावाची. ओळीला लागलं की तानुबाईचा आवाज सुरू व्हायचा आणि तिच्या शेजारची मंजुळाबाई दर वाक्याला "हं" म्हणायची. हुंकार देणारं कोणी नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही. मंजुळाबाईने वीस वर्षं हा हुंकार दिला होता आणि वीस वर्षं तानुबाईच्या ओळीशेजारची ओळ सोडली नव्हती.

आता दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. तानुबाईकडे त्यावर तोड होती. ओळीला लागताना ती वाकून ढेकळाचा एक खडा उचलायची, पदराच्या टोकात गाठ मारून बांधायची आणि म्हणायची, "बठ्ठास्ना मामास्नी वाट बांधी लिन्ही." सगळ्यांच्या मामांची वाट बांधून घेतली. मग गोष्ट. गोष्ट संपली की गाठ सोडून खडा बांधावर टाकायचा. गोष्ट तीन दिवस चालली तर तीन दिवस खडा पदरात. गाठीसकट भाकरी थापायच्या, गाठीसकट झोपायचं.

ही रीत तिच्या आईने काढली होती, आणि हौसेने काढली नव्हती. तानुबाई सात वर्षांची असताना तापाने पडली होती. भर दुपारी हट्ट करून तिने आईला गोष्ट सांगायला लावली. त्याच दुपारी तिला भेटायला निघालेला झुलालमामा बोरी नदीचा उतार चुकून डोहात गेला. सापडलं ते पागोटं. तेव्हापासून खडा बांधल्याशिवाय तानुबाईच्या तोंडून दिवसा गोष्टीचा शब्द निघालेला नव्हता.

सगळं असं नीट चाललं असताना घरात सून आली.

पुष्पा नात्यातल्याच घरातली, पण तिच्या माहेरचे दोन पिढ्यांपासून फैजपूरकडे केळीच्या मळ्यात राहिलेले, त्यामुळे तिची बोलीही तिकडचीच. लग्न तिकडेच झालं. डोळे आले होते म्हणून वरमाय असूनही तानुबाई गेली नव्हती. भाईदास आणि वना सून घेऊन आले. काळीसावळी, हसरी, कामाला चपळ. तानुबाईला आवडलीही होती. पहिलं वर्ष तर ती सुनेच्या भाकरीचं कौतुक चार घरी सांगत होती.

पुष्पाला सातवा महिना लागला त्या कार्तिकात हे सगळं सुरू झालं. एका दुपारी भाकरी खाऊन बाया ओळींना लागल्या, तानुबाई पाणी प्यायला मागे राहिली, आणि मंजुळाबाईने सहज म्हणून पुष्पाला विचारलं, "काय वं, तुन्हा माहेरले कोन गोटी सांगस?"

"आमच्याकडं कोन सांगीन?" पुष्पा म्हणाली. "माहा भाऊ पंडित हाये ना, तो भुसावयले शिनेमाच्या दारावर हाये. मी त्याच्याकडं महिनाभर व्हते. एकच खेय एकोनीस डाव पाह्यला."

शिनेमा हा शब्द बायांनी ऐकला होता, पाहिला कोणीच नव्हता. तानुबाई घागर ठेवून आली तेव्हा पुष्पा कापूस वेचतच सांगत होती आणि सहा बाया आपापल्या ओळी सोडून तिच्या मागे-पुढे लागल्या होत्या. नावाड्याची पोरगी होती चंपा. तिच्या गावात एक शिकलेला तरुण आला. त्याने तिला शब्द दिला आणि आगगाडीत बसून तो गेला. गाडी सुटताना चंपा फलाटावर गाणं म्हणते. पुष्पाने ते गाणंही म्हटलं. बारीक आवाजात, पण सुरात. मंजुळाबाईचा हात बोंडावर तसाच राहिला.

"हं," मंजुळाबाई म्हणाली. "मंग वं?"

तानुबाईच्या छातीत कोणीतरी चिमटा घेतला. तो "हं" तिचा होता.

"गाठ बांधी का तू?" तिने पुष्पाला विचारलं.

पुष्पा हसली. "आत्याबाई, ही काही गोट नही. हा शिनेमा हाये. याले मामा लागत नही. काये पडदे लावून भर दुपारी खेय करता तिकडं. बठ्ठ्यांचे मामा हरपले असते त भुसावयले मामाच उरला नसता."

बाया हसल्या. त्या हसण्याचं तानुबाईला काही वाटायला नको होतं. पण वाटलं. "बिगर गाठनी सांगू नको," ती म्हणाली, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. चंपाची गाडी सुटली होती.

त्या दिवसापासून तानुबाईचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने राघूची गोष्ट काढली, तीसुद्धा ठेवणीतली, सणासुदीला सांगायची. बायांनी ऐकली. मंजुळाबाईने हुंकारही दिला, पण तो जांभई आवरत दिला हे तानुबाईला कळत होतं. राघू पिंजऱ्यात गेला तशी एक पोर म्हणाली, "आते वहिनीले सांगू दे ना, मामी." आणि मंजुळाबाई, वीस वर्षांची मंजुळाबाई, म्हणाली, "तानु, तुन्ही गोट ऱ्हाऊ दे वं घडीभर."

तानुबाईने राघूला पिंजऱ्यातच ठेवला. पदरातली गाठ तशीच राहिली.

मग तिने सुनेला कडेची ओळ दिली. कडेची ओळ म्हणजे नाल्याकाठची, तिथली पऱ्हाटी खुरटी, बोंडं किडकी, कापूस हाताला लागेना आणि बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या. पुष्पा मुकाट्याने गेली. पोट सांभाळत वाकायची, उठताना कमरेवर हात ठेवायची. आणि बाया? बायांनी मधल्या ओळी अर्ध्या टाकल्या आणि त्या खुरट्या पऱ्हाटीकडे सरकल्या. भरघोस फुटलेल्या ओळींत तानुबाई एकटी उरली. वाऱ्याबरोबर गाण्याचे तुकडे यायचे. ती मुद्दाम दुसरीकडे तोंड करून वेचायची आणि कान मात्र तिकडेच असायचा. चंपा आता चहा विकते, एवढं कळलं. का विकते ते वाऱ्याने खाल्लं. तानुबाई दोन झाडं तिकडे सरकली, मग स्वतःचाच राग येऊन परत फिरली.

एके दिवशी भाईदासने कापसाची गाडी नाल्याकाठी उभी केली आणि जू चाचपत बसला. बैल उभे, गाडी उभी, आणि हा आपला जुवाशी खेळतोय. तानुबाई तरातरा गेली.

"काय करतस तुम्ही?"

"जू ढिलं व्हई गयं," भाईदास म्हणाला.

जू काही ढिलं नव्हतं. पलीकडे पुष्पा चंपाच्या बापाचं मरण सांगत होती आणि या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षं तानुबाईने याच्या शेजारी निजून गोष्टी सांगितल्या होत्या आणि हा दुसऱ्या वाक्याला घोरायला लागायचा. तिला वाटलं, ही पोरगी आपलं घरच खाऊन टाकणार.

"आमनं काही दुखी ते डोया कोरडा ऱ्हातस तुमना," ती म्हणाली आणि ओटी सावरत निघून गेली. गाडी मात्र तिथून हलली नाही.

एकादशीच्या आधी पंडितचं पोस्टकार्ड आलं. पुष्पाला पहिल्या बाळंतपणाला न्यायला तो एकादशीला येत होता. अमळनेरपर्यंत गाडीने, पुढे पायी. सावखेड्याला तो कधी आलेला नव्हता. पुष्पा खुशीत होती. बाया मात्र धास्तावल्या, कारण चंपाची गोष्ट अजून संपली नव्हती.

एकादशीच्या दिवशी पुष्पाने गोष्ट शेवटाला आणली. तो तरुण बारा वर्षांनी त्याच फलाटावर उतरला, पण आंधळा होऊन. त्याने चहा मागितला. चंपाने कप भरला. त्याने हात पुढे केला आणि कप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली.

"मंग? बोलनी का ती?" मंजुळाबाईने विचारलं.

"थांबा व, पानी पिऊ द्या," पुष्पा म्हणाली आणि बायांनी एकच गलका केला. मधल्या ओळीतून तानुबाई घागर घेऊन उठली. तिला पाणी आणायचं नव्हतं. तिला तो गलका ऐकवत नव्हता.

विहीर गाडवाटेला लागून होती. तिथून पुढे वाटेला फाटा फुटायचा. उजवीकडे सावखेडं, डावीकडे बाभळीचं रान, नाला, आणि त्यापलीकडे दोन कोस नुसता उजाड माळ. तानुबाई घागर बुडवत होती तोच वाटेने एक तरुण आला. डोक्याला काळी टोपी, पायात वहाणा, हातात केळीचा घड बांधलेली दोरी. तो कोण हे सांगायला नको होतं. नाक पुष्पाचंच होतं.

"अक्का, सावखेड्याची वाट कोनती?" तो म्हणाला. "माही बहीन दिली हाये तिथं. भाईदास पाटलाच्या घरी."

तानुबाईने घागर काठावर ठेवली. पाठीमागून वाऱ्यावर पुष्पाचं गाणं येत होतं. तो जरा ऐकायला थांबला असता तरी त्याला कळलं असतं. पण तो दमला होता. तानुबाईच्या मनात पाप आलं ते इतकं सहज आलं की तिला ते पाप वाटलंच नाही. संध्याकाळपर्यंत भटकेल. दिवेलागणीला येईल. बाया म्हणतील, बिगर गाठीची गोष्ट सांगितली म्हणून मामा वाट चुकला. पुष्पाच्या पोटातल्या पोराचा मामाच ना तो. मग कोण ऐकेल शिनेमा?

"डाव्या हातनी जा," ती म्हणाली. "नाला वलांडा का लगेच गाव दिखस."

"लई उपकार झाले, अक्का." त्याने घडातली दोन केळी तोडून तिच्या हातात दिली. "घरच्या हायेत. खा." आणि तो डावीकडे गेला.

तानुबाई ती केळी हातात धरून उभी राहिली. ती खाववेनात, पदरात बांधवेनात, तिथे आधीच खडा होता. शेवटी तिने ती विहिरीत टाकली. बुडतील असं तिला वाटलं होतं. ती तरंगत राहिली.

दिवेलागण झाली. पंडित आला नाही. पुष्पाने दारात तीनदा कंदील नेला. भाईदास म्हणाला, गाडी चुकली असेल, उद्या येईल. वना म्हणाला, अमळनेरला मुक्काम केला असेल. पुष्पाने भाकरी खाल्ली नाही. तानुबाईने सुनेला वाढलेलं ताट तसंच उचललं, आणि अंथरुणावर पडल्यावर तिच्या डोळ्यांसमोर काही केल्या त्या माळावरची वाट येईना. बोरीचा डोह येत होता.

सकाळी आभाळ आणखी खाली आलं. वेचणीला निम्म्याच बाया आल्या, आणि आल्या त्याही पुष्पापासून लांब उभ्या राहिल्या.

"मन्ही नातनं लगन शे माघमा," मंजुळाबाई म्हणाली. "मामा उना नही ते पोरीले मांडोमा कोन आनी? तुन्हा शिनेमाना पायी आमना मामास्ले कसाले घोर?"

"मले काय माहीत, मावशी," पुष्पा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "मी चुकले. आता नही सांगनार."

हे ऐकायला तानुबाईने काय काय केलं होतं. आणि ऐकल्यावर ती पुष्पाकडे दोन पावलं गेली. तिने काही बोलायच्या आत विहिरीकडून वनाची हाक आली. तो बैलांना पाणी काढायला गेला होता. "आपला विहीरमा केयी कशी उनी वं?" तो विचारत होता. त्याच्या पोहऱ्यात दोन केळी होती.

पुष्पाने ती पाहिली. त्या सगळ्या शिवारात कोणाकडे केळी नव्हती. पिवळीधमक, बुटकी, फैजपूरची. ती एकदम खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आजूबाजूच्या वावरांतले लोक धावत आले.

"पंड्या पडला व! विहिरीत पडला माहा भाऊ!"

मग गळ आले, दोर आले. विहिरीला सात पुरुष पाणी होतं. वनाने धोतर खोचलं आणि दोर कमरेला बांधून तो उतरला. कार्तिकातलं पाणी, बर्फासारखं. एकदा बुडी मारून वर आला, दुसऱ्यांदा बराच वेळ आला नाही. भाईदास दोर धरून खाली डोकावत होता. पुष्पाला दोघींनी धरलं होतं. तानुबाई काठावर उभी होती आणि तिला ठाऊक होतं की त्या विहिरीत कोणी नाही. तिने सांगायला तोंड उघडलं. पण मग तिला कसं ठाऊक, तेही सांगावं लागलं असतं. वनाचं डोकं वर आलं, ओठ निळे पडले होते, आणि तो तिसऱ्यांदा बुडी मारायला श्वास भरू लागला.

"नको जाऊ रे!" तानुबाई ओरडली. "नही शे तो तठे!"

"तुले काय मालूम?" भाईदास खेकसला.

तिने उत्तर द्यायच्या आत कोणीतरी बाभळीकडे बोट दाखवलं. बांधावरून पंडित लंगडत येत होता. टोपी नव्हती, एका पायात वहाण नव्हती, पोटरीला फडकं बांधलेलं. केळीचा घड मात्र दोरीला तसाच होता.

पुष्पा त्याच्या गळ्यात पडली आणि त्याला मारायलाच लागली. सगळे एकदम विचारू लागले. पंडितने पोहऱ्यातली केळी पाहिली, एकेकाचं तोंड पाहिलं. तानुबाईशी येऊन त्याची नजर थांबली. तिला वाटलं, आता हा बोलणार. आपल्याच घरच्या, आपल्याच गावच्या लोकांच्या देखत.

"ही तुही सासू का व?" त्याने बहिणीला विचारलं.

"हो. आत्याबाई."

पंडितने वाकून तानुबाईच्या पायांना हात लावला. "वाट चुकलो," तो उठत लोकांना म्हणाला. "काल इथं पानी प्यायले वाकलो, दोन केयी पडल्या. मंग डावीकडं गेलो. माहंच चुकलं. नाल्यात पाय मुरगयला, एका धनगराच्या वाड्यात रात काढली."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "देखं ना," मंजुळाबाई हळूच म्हणाली, "खरंच शे तानुनं." पुष्पाने मान खाली घातली. वना काकडत विहिरीतून वर येत होता.

पंडितचा पाय सुजल्यामुळे त्याला दोन दिवस राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या बाया आल्या, आधी येत होत्या त्याहून चार जास्तच. कापूस वेचून होणार, हे आता नक्की होतं. सगळ्या तानुबाईच्या मागे-पुढे लागल्या. मंजुळाबाई तिच्या जुन्या ओळीत येऊन उभी राहिली. पुष्पा आपणहून कडेच्या ओळीला गेली. पंडित बांधावर पाय पसरून बसला होता.

"सांग वं तानु," मंजुळाबाई म्हणाली. "तो राघू पिंजरामा शे आठ दिनथून."

तानुबाईला जे हवं होतं ते तिच्यासमोर हात जोडून उभं होतं. तिने पदराची गाठ चाचपली आणि राघूची गोष्ट उचलली. राजाने राघूला विचारलं, माझ्या राणीला कोणी फसवलं? मंजुळाबाई हुंकार देणार तोच बांधावरून आवाज आला.

"हं," पंडित म्हणाला.

तो चांगुलपणानेच म्हणाला होता. सासूची गोष्ट आहे, बहिणीला इथे नांदायचंय, म्हणून. तानुबाईने पुढचं वाक्य म्हटलं.

"हं."

तिने आणखी एक वाक्य म्हटलं. त्या पोराने आपल्याला झाकलं होतं आणि आता हुंकारही देत होता. म्हणजे ही गोष्ट, हा मान, या ओळी, सगळं त्या भावा-बहिणीने दयेने दिलेलं. कडेच्या ओळीतली ती काळीसावळी पोर तिच्यापेक्षा गोड सांगत होती हे तानुबाईने सोसलं असतं एकवेळ, पण तिच्या भावाच्या दयेवर तोंड उघडायचं? सबंध जन्म?

"हं," पंडित म्हणाला.

"नको दीऊ हुंकार माले!" तानुबाई ओरडली. बायांचे हात थांबले. "त्यानी वाट नही चुकी. मी चुकाडी. मी सांगं त्याले, डाव्या हातनी जा म्हनीसन. केयी मीच टाक्यात विहीरमा. मामाबिमा काही नही. मन्हा मनमा जयफयाट व्हता."

भाईदास गाडीपाशी उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बैलाच्या वेसणीला हात घातला आणि गाडी हाकत निघून गेला. जुवाला हातही न लावता.

"तानु," मंजुळाबाई म्हणाली, "वना बुडी जाता ना वं."

तानुबाई मटकन सरीत बसली. कोणी तिला उठवलं नाही. थोड्या वेळाने बाया पुन्हा वेचायला लागल्या, खाली मान घालून. गोष्टीशिवाय ते वावर फार मोठं वाटत होतं. पुष्पाने आपली ओळ शेवटपर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशीही बाया आल्या. त्यांना आता तानुबाईची गोष्ट नको होती, तानुबाईच बघायची होती. त्या बघण्याखाली तिने दिवसभर कापूस वेचला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वनाने गाडी जुंपली. पुष्पा आणि पंडित मागे बसले. भाईदास दोन दिवस बायकोशी बोललेला नव्हता, आजही बोलला नाही. तानुबाई शिदोरी द्यायला दाराशी आली आणि देऊन परत फिरायच्या ऐवजी गाडीमागे चालू लागली. शिवार आलं, फाटा आला. वनाने गाडी थांबवली.

"माय, आते जाय ना घर."

तानुबाईने गाडीच्या दांडीला हात धरला होता. तिला माफी मागायची होती, निदान वाटेत तिने तसं ठरवलं होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच, आणि ते एकादशीपासून आत जळत होतं.

"ती बोलनी का वं?" तिने विचारलं. "चंपा. त्यानी बोटं लागनीत तव्हय."

पुष्पाने सासूकडे बघितलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि डोळ्यांत आलं नाही.

"बिगर गाठीची गोट तुम्हाले चालत नही ना, आत्याबाई," ती म्हणाली. "बांधा गाठ."

तानुबाईने राघूची गोष्ट अर्धीच सोडून त्याचा खडा कालच बांधावर टाकला होता. तिने वाकून फाट्यावरचाच एक खडा उचलला. पदराच्या टोकात घालून तिने घट्ट गाठ मारली.

"आता ऐका," पुष्पा म्हणाली. "गोट मी लेकराले घेऊन आल्यावर सांगीन. तोवर गाठ सोडायची नही. तुमचीच रीत हाये." आणि नवऱ्याला म्हणाली, "हाका व."

गाडी अमळनेरच्या वाटेला लागली. पंडितने मागे वळून हात केला. पुष्पाने केला नाही.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. कापूस घरात आला. तानुबाईच्या पदरात खडा होता. तिने स्वतःच्या मनाने चंपाचे तीन शेवट करून पाहिले. एकात चंपा बोलली, एकात रडली, एकात कप फेकून मारला. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, पुष्पीचा शेवट याच्याहून चांगला असणार, आणि मत्सराने तिची झोप उडायची. भाईदास बोलू लागला, पण कामापुरतं. माघात मंजुळाबाईच्या नातीचं लग्न झालं. मामा आला, पोरीला मांडवात घेऊन गेला. तानुबाईला बोलावणं होतं. ती कडेला बसून जेवून आली.

होळीच्या आधी, पुष्पा अजून माहेरीच असताना, नदीवर धुणं धुताना मंजुळाबाई तिच्या शेजारच्या दगडावर आली. बऱ्याच दिवसांनी आली होती. तानुबाई सगळं लुगडं आपटून धूत होती, फक्त पदराचं टोक पाण्याच्या वर धरून होती. फाट्यावरच्या खड्याच्या मातीने ते काळं झालं होतं.

"सोड ना वं आते ती गाठ," मंजुळाबाई म्हणाली. "कितला दिन व्हई ग्यात."

तानुबाईने टोक तसंच वर धरलं.

"नही वं माय," ती म्हणाली. "मामा आजून वाटवर शे."